साहेब गाळा बघायला येतायत

नको, नको, चहा घ्या, बसा, हवं तर जेवून जा, पण मदतीचं नाव माझ्यासमोर काढू नका! तुम्हाला सांगते, चोर आला तर माणूस बोंब तरी मारतो, पण अख्खी गल्ली मदत करायला दारात उभी राहिली तर करायचं काय? हाक कुणाला मारायची? मदतीला?

आमच्या साकीनाक्याला ते मंडळ आहे ना... लघुउद्योजक व व्यापारी सहकार्य मंडळ... पाटी वाचून होईपर्यंत बस निघून जाते, तेच. अध्यक्ष अण्णा गवाणकर. लोखंडी खुर्च्या-कपाटं रंगवून देण्याचा धंदा. माणूस देवमाणूस हो, त्यात वाद नाही. गल्लीतल्या गटारावर झाकणं टाकून घेतली ती अण्णांनी, लाईट गेली की ऑफिसात जाऊन भांडणार ते अण्णा, शेजारच्या धाकूचा हात मशीनमध्ये सापडला तेव्हा मांडीवर घेऊन टॅक्सीनं नेलं तेही अण्णांनी. फक्त एक खोड. कुणी नुसतं शिंकलं तरी उभे राहणार, छातीवर हात ठेवणार आणि म्हणणार, "घाबरू नका, मंडळ तुमच्या पाठीशी आहे."

तर आमचे हे. संपात गिरणी गेली ती गेलीच, तेव्हा सगळे म्हणाले, गावाला चला. हे नाही म्हणाले. होतं नव्हतं ते घालून साकीनाक्याला एक गाळा घेतला भाड्यानं, त्यात एक प्रेस मशीन. एकच हं! पत्र्यातनं वायसर कापायचं, नटाखाली घालतात ती भोकाची चकती. हे मशीनवर, मी वायसर मोजून पिशवीत भरायला, झाला आमचा कारखाना. दिवसभर खटॅक, खटॅक, खटॅक... रात्री झोपेत पण ह्यांचा पाय हलायचा. आणि जीव केवढा त्या मशीनवर! माझ्या डोक्याला कधी तेल लावून दिलं नाही, मशीनला रोज सकाळी.

पण काम येईना. शेवटी ठरलं, पंख्याच्या कंपनीची ऑर्डर मिळाली तर ठीक, नाहीतर मशीन विकायचं, गाळा सोडायचा आणि देवगडला जाऊन माझ्या भावाच्या कलमांना पाणी घालायचं. आता माझा भाऊ कसा आहे तुम्हाला ठाऊक नाही, बरं आहे. तो एक आंबा देतो आणि दहा वर्षं आठवण करून देतो. म्हणजे ह्यांच्यासाठी ती ऑर्डर म्हणजे मान होता हो, नुसती ऑर्डर नव्हती. आणि कंपनीचा निरोप आला, गुरुवारी परचेसचे साहेब गाळा बघायला येतायत.

आता ही गोष्ट घरात ठेवावी की नाही माणसानं? ह्यांनी जाऊन मंडळाच्या मीटिंगमध्ये सांगितली! झालं... अण्णा उठले, हात छातीवर गेला, मी दारातूनच म्हटलं, मेले आता.

तुम्हाला माहितीय, चाळीत कुणाची मुलगी बघायला येणार म्हटलं की काय होतं ते. एका घरातून कपबश्या, दुसऱ्या घरातून पलंगपोस, तिसऱ्या घरातून शिकलेला भाऊ! पाहुण्यांना वाटतं, केवढं भरलेलं घर! ही आपली रीत, त्यात वाईट काय? पण अण्णांनी ती रीत कारखान्याला लावली! एकमतानं ठराव झाला, साहेब येणार तर गाळा भरलेला दिसला पाहिजे, ज्याच्याकडे जे असेल ते त्यानं आणायचं.

गुरुवारी सकाळी बघते तर हातगाड्यांची रांग! धाकूचं ड्रिल मशीन आलं, कोपऱ्यावरच्या धोंडिरामचं ग्राइंडर आलं, अण्णांचा रंगाचा फवारा आला, कुणाचं टाईपरायटर आलं, त्याच्यामागे बसायला एक चष्मेवाला पण आला. शाळेची दप्तरं शिवणारी शुभा, ती तर दोन शिलाई मशीन घेऊन आली! अगं बाई, वायसरच्या कारखान्यात शिलाई मशीन कशाला? तर अण्णा म्हणतात, असू द्या वहिनी, प्रगती दिसते. आणि कामगार? सगळ्या गाळ्यांतली पोरं निळे शर्ट घालून उभी. काम नाही, नुसती उभी. एकाच्या हातात पाना दिला होता, तो दिवसभर तोच नट पिळत होता बिचारा.

बरं, एवढं सगळं मावणार कुठे? मग कुणीतरी म्हणालं, हे मधलं मशीन आड येतंय. आमचं! आमचंच मशीन! खाली पाईप घातले, हईशा केलं आणि ढकललं भिंतीकडे, वर सतरंजी टाकली आणि त्याच्यावर मांडल्या पोह्यांच्या बश्या. हे बघतच राहिले... अण्णांनी खांद्यावर हात ठेवला. काय म्हणाले असतील? बरोबर. मंडळ तुमच्या पाठीशी आहे.

साहेब आले. शरच्चंद्र वैद्य. सडपातळ, शांत, चष्मा पुसत पुसत बोलणारे. आल्या आल्या हार, नारळ, शाल. साहेब म्हणतात मी फक्त गाळा बघायला आलोय, अण्णा म्हणतात आधी दोन शब्द, आणि ते दोन शब्द संपेपर्यंत पोहे गार! मग साहेब फिरायला लागले. ग्राइंडरपाशी थांबून ह्यांना विचारलं, हे काय काम करतं? आता ह्यांना काय ठाऊक, दुसऱ्याचं मशीन ते! हे म्हणाले, फार चांगलं काम करतं. शिलाई मशीनपाशी थांबले, तिथे तर ह्यांचा चेहरा असा झाला की मलाच दया आली, मीच पुढे होऊन म्हटलं, साहेब, मालासाठी कापडी पिशव्या आम्ही घरच्या घरीच शिवतो. साहेब खूश! वायसर हातात घेतलं, मापून बघितलं, मान हलवली. माझा जीव भांड्यात पडला.

आणि साहेब काय म्हणतात? "शिवदासशेट, तुमच्याकडे सगळीच सोय आहे, मग नुसतं वायसर कशाला? कापणं, भोकं पाडणं, घासणं, रंग, पॅकिंग, पंख्याचं सगळं किरकोळ सामान तुम्हीच करा. आम्हाला एकाच ठिकाणी माल हवाय. जमत नसेल तर आत्ताच सांगा, मी दुसरीकडे बघतो."

आता बोला! नाही म्हणावं तर देवगड, हो म्हणावं तर मशीन कुठाय? हे बोलले, "जमेल."

गाळ्यात टाळ्या! पेढे! निळे शर्टवाले नाचायला लागले, अण्णांच्या डोळ्यांत पाणी! मी पण हसत होते हो वेड्यासारखी, खोटं कशाला बोलू, एवढा आनंद मला लग्नात झाला नव्हता. आणि संध्याकाळी हातगाड्या आल्या नि एकेक मशीन घेऊन गेल्या. ज्याचं त्यानं नेलं, कपबश्या नेतात तसं. राहिलो आम्ही दोघं आणि सतरंजीखालचं आमचं मशीन. हे त्याला टेकून बसले आणि म्हणाले, "सायबान हो म्हटल्यान गो, आता काय करूचा?"

काय करणार? गेले मंडळात. गेले की अण्णा उभे, हात छातीवर... पण तुम्हाला सांगते, ह्या वेळी मंडळ खरंच पाठीशी उभं राहिलं, तिथेच तर घोळ झाला! ज्यानं मशीन आणलं होतं त्यानं काम घेतलं. भोकं धाकूकडे, घासणं धोंडिरामकडे, पिशव्या शुभाकडे, रंग अण्णांकडे. सगळ्या गल्लीत खडखडाट, सगळ्यांच्या घरी गोडधोड. आणि वायसर? वायसर ह्यांचं! पण मग ह्याच्याकडून माल उचलायचा, त्याच्याकडे टाकायचा, कमी-जास्त बघायचं, कंपनीत पोचवायचा, साहेबांशी बोलायचं, हे कुणी करायचं? साहेब एकाच तोंडाला ओळखतात! म्हणजे हेच! दिवसभर सायकलवर, मशीनवर बसायला वेळ कुठला? पडून राहील, गंजेल, म्हणून ते पण दिलं धाकूच्या गाळ्यात. तो चालवतो. बरा चालवतो. कधी दुपारी हे तिथे जाऊन उगाच उभे राहतात, खटॅक खटॅक ऐकत. मी विचारलं तर म्हणतात, माल बघायला गेलो होतो. माल कसला! मला कळत नाही होय? वाईट वाटतं हो.

आणि पुढची गंमत ऐका. अण्णांना रंगाचं काम एवढं आलं की मीटिंगला यायला फुरसत नाही. आमच्या मंडळात तर साधा हिशोब, ज्याच्या गाळ्यात मशीन चालत नाही तो अध्यक्ष. सगळ्यांनी गल्लीभर नजर फिरवली. सगळ्यांची मशीनं चालू. बंद गाळा एकच! आमचा! हे एकमतानं निवडून आले.

देवगडला जावं लागलं नाही, दोन वेळचं नीट चाललंय, लोक ह्यांना अध्यक्ष म्हणतात, नुसतं शिवदास कुणी म्हणत नाही. मान मिळाला, नाही कशी म्हणू? पण माणूस बिघडला. पूर्ण बिघडला! कुणाकडे गिऱ्हाईक येणार म्हटलं की ह्यांचा हात छातीवर. परवा मरोळला कुणा अगरबत्तीवाल्याकडे गुजरातचा व्यापारी येणार होता, तर आमच्या कपबश्या गेल्या, सतरंजी गेली, टेबल गेलं. काल घरात आले, स्टुलावर चढले आणि छताचा पंखा उतरवायला लागले. मी म्हटलं, अहो, मे महिना आहे! तर हे वरूनच मला म्हणतात, "घाबरू नकोस, मंडळ तुझ्या पाठीशी आहे."

असेल बाई. गल्लीभर पंख्याचं सामान बनतंय, अध्यक्ष घरातलेच आहेत... आणि मी कालपासून पदरानं वारा घेतेय.