दुसऱ्याच्या घरचा पूर्वज

(शुक्रवार दुपार. दोह्यातल्या अबू हमूरमधलं घर. सुतार केरबाने आणलेल्या मुखवट्यावरचा टॉवेल संजीवने नुकताच सोडलाय.)

संजीव : हे काय केलंत, केरबा?

केरबा : कान चिकटवला की, साहेब. मागं हूकबी नवा बसवलाय.

संजीव : कान राहू दे. रंग कुठे गेला? कपाळावरची माती, गालावरची काजळी, काहीच नाही!

केरबा : लई काळंकुट्ट झालं हुतं. दोन दिस पॉलिश पेपर मारला, वर तेलाचा हात दिला. बघा, लाकूड कसं निघालंय.

संजीव : अहो, फक्त कान चिकटवा म्हटलं होतं मी!

केरबा : तुमीच म्हणाला, हे कुनाचं तरी पूर्वज हाईत, जपून न्या. आमच्यात पूर्वजांचं टाक दसऱ्याआधी चिंच लावून उजळत्यात. काळं ठिवलं तर घरच्यांनी टाकलं म्हणत्यात. मला वाटलं, हितं परमुलखात ह्येंच्याकडं कोण बघनार?

संजीव : तो मळ नव्हता हो. माझ्या मित्राच्या वडिलांनी मरायच्या आधी स्वतः लावलेली माती होती ती. बोटांचे ठसे दिसायचे.

केरबा : आरं देवा. मला काय ठावं, साहेब...

संजीव : कसं असणार? मी कुठे सांगितलं? पापुआच्या गॅस प्लांटवर होतो, तेव्हा त्या मित्राच्या गावातले नव्याने ख्रिस्ती झालेले लोक जुने मुखवटे जाळायला निघाले होते. तो म्हणाला, दोन वर्षं सांभाळ, मग परत दे. अकरा झाली. दोनदा मेल आला त्याचा. मी आपला, पुढच्या सुट्टीत नक्की! खरं सांगू? हॉलमध्ये छान दिसायचा. पाहुणे कौतुक करायचे. सोडवेना मला.

केरबा : आता कुठं असत्यात ते?

संजीव : मार्चमध्ये वारला. त्याची मुलगी लंडनला शिकते, घरी चाललीय. दोह्यात विमान बदलायचंय. आज चार वाजता एअरपोर्टवर द्यायचाय तिला. म्हणाली, आजोबांच्या बोटांवर बोटं ठेवून बघायचीत.

केरबा : रंग देऊ का पुन्ना? हुबेहूब शेड काढतो.

संजीव : खलास, केरबा. आता हात नका लावू. ती भुकटी तरी... फेकली असेल ना?

केरबा : पूर्वजांच्या अंगावरची फेकत्यात व्हय? पुडी बांधलीया. सांजच्याला समुद्रात सोडनार हुतो. ही घ्या.

संजीव : एवढीशी.

केरबा : आमची आय टाक उजळताना ज्येचं त्येचं नाव घ्यायची. ह्येंचं ठावं न्हवतं, म्हनून म्या माझ्या बापाचं घेतलं. बाप गेला तवा कंपनीनं सोडलं न्हाई मला. वाटलं, तेवढीच सेवा. चुकलं, साहेब. म्या येतो, पोरीच्या पाया पडतो.

संजीव : पाया मी पडायला हवं. वेळेवर दिला असता, तर तुमच्या हातात आलाच नसता. यल्ला, गाडीत बसा.

केरबा : म्हाताऱ्याचं नाव काय हुतं?

संजीव : अकरा वर्षं माझ्या भिंतीवर होते. कधी विचारलंच नाही.

केरबा : मग आधी त्ये इचारा, साहेब. पुडी मागनं द्या.