चादरीखालचं प्लास्टिक

माजं माहेर माळशिरस तालुक्यातलं, मेंढराचं घर. बाप मेंढरं घिऊन गावोगाव फिरायचा, संगं आई, संगं आमी लेकरं, उगड्या रानात पाल टाकून ऱ्हायचो. लांडग्याचं भ्या, इच्चूकाट्याचं भ्या, म्हनलं तर समदंच व्हतं, पर मला कदी काय वाटलं न्हाय. रानात काय आलं तर आदी कुत्री भुकत्यात, मेंढरं एका जागी गोळा व्हत्यात, आपल्याला कळतं की. मला भ्या लागलं ते हितं सोलापुरात, चांगल्या चकचकीत घरात, दिसाउजेडी.

लगीन होऊन हितं आले तवा मालक रंगाचं काम करायचे. दोनी पोरी शाळंला जायला लागल्या तशी मीबी त्येंच्यासंगं जायला लागले. भितीचा जुना रंग खरवडायचा, लांबी म्हंजे पुट्टी भरायची, आन मेन म्हंजे झाकायचं. काय सांगू तुमाला, लोकास्नी वाटतं रंगाऱ्याचं काम ब्रशापासनं सुरू व्हतं, तसं न्हाय, ते अंथरण्यापासनं सुरू व्हतं. ह्येंनीच मला शिकवलं. जुनी साडी पातळ, थेंब पडला की खाली फरशीवर डाग. गोनपाटाचा भुसा उडतो आन वल्या भितीला चिकटतो. पेपर पायात गोळा व्हतो. प्लास्टिकमधनं थेंब झिरपत न्हाय हे खरं, पर वरचा रंग लौकर सुकतबी न्हाय, पाय पडला की घरभर पावलं. ते सोफ्यावर घाला, कपाटावर घाला, पायाखाली न्हाय, आन घोडीखाली तर मुळीच न्हाय, हे ह्ये शंभरदा सांगायचे. घोडी म्हंजे आमची उगडमिट करायची शिडी. जमिनीवर जाड सुती चादर, दुहेरी, कडा चिकटपट्टीनं दाबलेल्या. आमच्या गल्लीत पद्माक्का ऱ्हाती, तेलुगु मानसं, घरात माग हाय त्येंच्या, तिच्याकडनं विणताना चुकलेल्या चादरी मी मागून आनायची. उजेडाला धरायची, उजेड आरपार दिसला की ती बाजूला.

तर ते घर. बाई शाळेतनं रिटायर झालेल्या, एकट्याच ऱ्हायच्या, हॉलमधनंच वर जिना, आन जिन्यापातूर नवी फरशी बसवलेली, तोंड दिसंल अशी. आमच्या चादरींवर धा घरांचे रंग पडलेले, ते बघून बाई म्हनल्या हे घाणेरडं माझ्या फरशीवर नको, मी नवीन प्लास्टिक आणलंय तेच टाका. मालक म्हनले बाई, घोडीखाली प्लास्टिक चालत न्हाय, आन रंग कालवायला मागं नळावर गेले. बाई माज्याकडं वळल्या, म्हनल्या तुम्ही तरी समजून घ्या, एकदा डाग पडला की तो जायचा नाही. त्याबी भ्याल्या व्हत्या, फरशीसाठी. मला वाटलं हातचं काम जातंय. मग मी काय केलं, आदी प्लास्टिक टाकलं आन वरनं आमची चादर अंथरली. म्हनलं बाईंचंबी झालं, मालकाचंबी झालं.

ह्ये आले, खाली चादर बघितली, घोडी उगडली आन चढले. मी खाली उभी. मला बोलायचं व्हतं, पार तोंडाशी आलं व्हतं, पर म्हनलं एवढी छताची एक कड होऊ दे, मग उतरले की सांगते. गुळगुळीत फरशीवर प्लास्टिक घसरलं आन घोडीचे पाय चादरीसकट सरकले. लई आवाजबी झाला न्हाय. डोकं जिन्याच्या पायरीवर आपटलं. पांढरा रंग समदीकडं सांडला आन त्यात तांबडं पसरत गेलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हनले डोक्याला मार हाय, शुद्धीवर कवा येतील सांगता येत न्हाय. पोरी पद्माक्काकडं. मी बाकड्यावर बसून. एक भ्या व्हतं की ह्ये डोळं उगडायचे न्हाईत. आन दुसरं, उगडतील आन इचारतील खाली काय अंथरलं व्हतं म्हनून. त्यातलं कंचं मोठं व्हतं ते मी देवालाबी सांगू शकत न्हाय, तुमाला कसं सांगू.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा फोन आला, सामान घेऊन जा. गेले. प्लास्टिक कुटंच न्हवतं. फरशी पुसलेली, आमची चादर धुऊन घडी करून ठेवलेली. बाई म्हनल्या पाय घसरला हो त्यांचा, आन माज्याकडं बघितलंच न्हाय. मी म्हनलं व्हय. येवढंच. चादर उचलली आन आले.

तिसऱ्या दिवशी ह्येंनी डोळं उगडले, पानी मागितलं. इचारलं कायच न्हाय. मला वाटलं सुटले. पर सुटले कुटं, घरी आले तसं बघते तर ह्ये घोडीला हात लावत्यात आन माघारी फिरत्यात. सारखं म्हनायचे मी घोडी नीट लावली न्हाय वाटतं, इतक्या वर्सांत असं कदी झालं न्हाय, माजी नजर गेली का काय. डोळं तपासून आले, डोळं चांगले निगाले, तर म्हनाया लागले मग माजं डोकंच गेलंय. एक दिवस सकाळी उंबऱ्यावर बसून म्हनले, मी हे काम सोडतो, माज्या हातनं एकांदं मानूस मरंल.

मी तवा चादरी वाळत घालीत व्हते. हातातली चादर तशीच धरून मी सांगितलं समदं. प्लास्टिक, चादर, बाई, माजं ते व्हय. त्येंच्याकडं बघायची हिंमत न्हवती, चादरीआडूनच बोलले.

ह्ये उंबऱ्यावरनं उठून माज्याजवळ आले. मग म्हनले, म्हंजे मी घोडी बरूबर लावली व्हती. मी म्हनलं व्हय. परत इचारलं, बरूबर लावली व्हती ना. मी म्हनलं व्हय की, बरूबर व्हती. आन रडले, पोरावानी रडले. दोन दिस माज्या हातचं जेवले पर माज्याशी बोलले न्हाईत, आन मी घरात पाय वाजू न देता फिरायची. तिसऱ्या दिवशी म्हनले, काम आलंय, चादरी काढ, अंथरायच्या मी बघतो.

तवापासनं असंच चाललंय. ह्येंना डाव्या कानानं ऐकू येत न्हाय, वर बघितलं की चक्कर येती, म्हनून वर मी चढते. ह्ये अंथरत्यात, पट्टी लावत्यात, चादरीवर उभं ऱ्हाऊन पायानं रेटून बघत्यात. तरी मी चढायच्या आदी चादरीचं टोक उचलून बघते, दर येळी. एका घरातली सून हसली, म्हनली नवऱ्यावर इस्वास न्हाय का मावशी. मी टोक उचलून बघतच ऱ्हायले. ह्येच म्हनले, बघू द्या तिला.

मागं त्या बाई बाजारात भेटल्या. मी ह्येंचा हात धरला. ह्येंनी नमस्कार केला आन म्हनले बाई, फरशीवर डाग तर ऱ्हायला न्हाय ना.  बाई बारीक आवाजात म्हनल्या, राहिला नाही, पण मी त्या पायरीवर आता पाय ठेवत नाही. ह्ये म्हनले ठेवत जावा, पायरीचं काय चुकलं.

मला येवढं मोठं मन न्हाय हो. आजबी घोडीच्या तिसऱ्या पायरीपातूर दोनी हातांनी घट्ट धरून चढते. आता उद्या एका घरात जिन्यावरचं काम हाय, लई उंच हाय, जाऊन बघून आले तवापासनं जेवन जात न्हाय. ह्ये तितं वसरीत चादरी उजेडाला धरून बसल्यात. पोटाला काम हाय, दोघं हाय, आजून काय पायजे. तुमच्या घरी कवा रंगाचं काम काढलं तर चढणाऱ्याला घाई करू नका, येवढं करा. देव तुमच्या घरातल्या समद्यास्नी सुखाचं ठेवो.