रोझरीचं उत्तर

(साल एकोणीसशे सहासष्ट, जुलैतली संध्याकाळ. लिव्हरपूल बंदर. नदीखालून नवा बोगदा काढायचा म्हणून पाडायला घेतलेली एक गल्ली. मोजक्याच घरांत अजून दिवा लागतो. त्यातल्या एका घरात विनी हेसकेथ, माहेरची मॅकग्लिन, शवपेटीत निजली आहे. दार उघडून उभा आहे तिचा नवरा वॉल्टर. पायरीवर उभी आहे तिची धाकटी बहीण डेलिया. तिने हा उंबरा आजवर ओलांडलेला नाही.)

डेलिया : ...फादरांनी निरोप धाडला म्हणून आले, इतकंच. उद्या सकाळी चर्चमध्ये असेन मी. निघते.

वॉल्टर : आत ये ना, डेलिया.

डेलिया : मी इथेच बरी आहे, मिस्टर हेसकेथ.

वॉल्टर : कर्कबीहून एवढ्या लांब आलीस आणि पायरीवरूनच मागे फिरणार?

डेलिया : आमची आई तर चर्चच्या समोरूनच मागे फिरली होती. तुमच्या लग्नाच्या दिवशी. कॅथलिक बाईने प्रोटेस्टंटांच्या चर्चमध्ये पाय ठेवायचा नाही, म्हणून पलीकडच्या फुटपाथवर उभी होती, हातात मासळीची पिशवी घेऊन. कुणी विचारलं तर बाजाराला निघालेय म्हणायला. विनीची हॅट तेवढी लांबून पाहिली आणि घरी आली. मला म्हणाली, 'डेलिया, त्या माणसाच्या दारात पाऊल टाकायचं नाही.' मी हो म्हटलं होतं.

वॉल्टर : पाहिलं होतं मी तिला. मीच विनीला म्हटलं, ती बघ तुझी आई. विनीने हात हलवला होता.

डेलिया : ते आईने कधी सांगितलं नाही.

वॉल्टर : ती तोवर वळली होती.

डेलिया : ...बरं. येते मी.

वॉल्टर : थांब. एक काम आहे, ते तुझ्याशिवाय होणार नाही. विनीने माझ्याकडून वचन घेतलंय. तिला उचलायच्या आधी या घरात, तिच्या उशाशी रोझरी, तुमची ती माळेवरची प्रार्थना, म्हटली गेली पाहिजे. सकाळी आठला गाडी येईल. मी दुपारपासून माणूस शोधतोय.

डेलिया : या गल्लीत माणूस शोधताय? इथे तर दगड उचलला की खाली कॅथलिक निघायचा. मिसेस गॅराटी कुठे आहे?

वॉल्टर : स्पीकला, लेकीकडे. गुडघे गेले तिचे, जिना उतरता येत नाही.

डेलिया : टॅन्सीची पोरं?

वॉल्टर : एक बोटीवर, एक कॅनडात. धाकटा कुठे असतो ते त्याच्या बायकोलाही ठाऊक नाही.

डेलिया : अहो, पण बिडी कॉनीली! कुणाच्याही मयताला पहिली खुर्ची तिची असायची. मेलेल्याच्याही आधी हजर.

वॉल्टर : बिडी ईस्टरला गेली. तिच्या मयताला विनी होती आणि दोन नन्स. खुर्च्या मी शेजारून मागून आणल्या होत्या, तशाच परत दिल्या.

डेलिया : बिडी गेली? मला कुणी कळवलं नाही.

वॉल्टर : कळवायला कोण राहिलंय? गल्ली रिकामी करताना कुणाला कुठल्या उंच इमारतीत, कुठल्या मजल्यावर टाकलंय ते आता पोस्टमनलाच ठाऊक.

डेलिया : मग फादरांना म्हणायला सांगा की.

वॉल्टर : ते तिला मरणाआधीचं पवित्र तेल लावून गेले. आज त्यांच्याकडे आणखी एक मयत आहे, गोदीपलीकडे. म्हणाले, 'वॉल्टर, घरचं माणूस बघ.' घरचं माणूस तूच.

डेलिया : तुमच्याशी लग्न करून ती चर्चच्या बाहेर गेली, मिस्टर हेसकेथ. मेरीपर्यंत माझा आवाज पोचेल, पण विनीसाठी...

वॉल्टर : बाहेर नव्हती. मागच्या वर्षी फादरांनी आमचं लग्न पुन्हा लावलं. तुमच्या रीतीने.

डेलिया : कुठे?

वॉल्टर : स्वयंपाकघरात. विनीला तेव्हा उभं राहवत नव्हतं. माझ्या पायात सपाता होत्या. साक्षीला बिडी होती, ती रडता रडता म्हणाली, निदान बूट तरी घाल रे मेल्या.

डेलिया : म्हणजे तुम्ही कॅथलिक झालात?

वॉल्टर : छे! प्रोटेस्टंट जन्मलो, प्रोटेस्टंटच मरेन. फक्त फादरांच्या कागदावर सही केली.

डेलिया : आणि तुमच्या ऑरेंज लॉजवाल्यांनी, त्या कट्टर प्रोटेस्टंट मंडळींनी, ऐकून घेतलं?

वॉल्टर : खांद्यावरचा पट्टा परत मागितला. देऊन टाकला. या बारा जुलैला लॉजची मिरवणूक वरच्या रस्त्याने गेली. मी खिडकी लावून घेतली. विनी म्हणाली, 'उघड रे, ढोल ऐकू दे, तुला आवडतो ना.' जन्मभर मीच वाजवला तो ढोल. आणि जन्मभर तिने त्या दिवशी डोकं दुखतं म्हणून पांघरूण ओढून घेतलं.

डेलिया : ...सरका जरा. वाट अडवून उभे राहिलात तर मी आत येऊ कशी?

वॉल्टर : ये. सांभाळून, फरशी उचकटलीय.

डेलिया : घड्याळ कुणी बंद केलं?

वॉल्टर : मी. ती गेली तेव्हाच. आरसाही झाकलाय. खिडकी उघडली होती जरा वेळ, तिला बाहेर जाता यावं म्हणून. बिडीच्या वेळी बघून ठेवलं होतं सगळं.

डेलिया : आयर्लंड न पाहिलेल्या माणसाला बरं ठाऊक! आमची आई 'घरी असं करतात' म्हणायची. घरी म्हणजे आयर्लंडात, मेयोला. तिने तरी मेयो कुठे पाहिलं होतं, ती इथे गोदीमागेच जन्मली... अहो! हे काय ठेवलंय पेटीवर?

वॉल्टर : फुलं.

डेलिया : नारिंगी लिली! तुमच्या मिरवणुकीतली फुलं, कॅथलिकांना हरवणाऱ्या राजा विल्यमची! मॅकग्लिनांच्या मुलीच्या छातीवर! आई थडग्यातून उठून येईल.

वॉल्टर : येऊ दे. रोझरीला एक उत्तर देणारी वाढेल.

डेलिया : थट्टा सुचते तुम्हाला?

वॉल्टर : थट्टा नाही गं. आमच्या अंगणात दुसरं काही उगवतच नाही. दुकानातली आणायला निघालो होतो, पण तिला एकटी टाकून जाववेना. आणि या फुलांना पाणी तिनेच घातलंय दर उन्हाळ्यात. मला म्हणायची, 'फुलं बाहेर ठेव, वॉल्टर, घरात नको. माझ्या आईला कळेल.' तुझी आई जाऊन किती वर्षं झाली तरी हेच. आज पहिल्यांदा आत आणली. चुकलं असेल तर काढतो.

डेलिया : काढा. ...सगळी नको. एक राहू द्या पायाशी. तिथे आईची नजर जाणार नाही.

वॉल्टर : अशी?

डेलिया : अशी. किती बारीक झाली हो ही. हिची माळ?

वॉल्टर : हातात गुंडाळलीय. आणि ते पाकीट बघ, माळेखाली.

डेलिया : कसलं पाकीट?

वॉल्टर : सुकलेलं शॅमरॉक आहे त्यात, तुमचं ते आयरिश तिपानी. दर वर्षी सेंट पॅट्रिकच्या दिवशी सकाळी दाराच्या फटीतून कुणीतरी आत टाकायचं. वर नाव नाही, गाव नाही.

डेलिया : मेयोहून मावशीची लेक दोन पाकिटं पाठवायची. दोघी बहिणींना. आई होती तोवर आई टाकायची.

वॉल्टर : आणि मग तू.

डेलिया : तिला कसं कळलं?

वॉल्टर : तू डावा पाय ओढतेस ना चालताना. ती पहाटेपासून जिन्यात बसून असायची. पाऊल वाजलं की माझ्याकडे बघून बोट ओठांवर ठेवायची.

डेलिया : दार उघडायचं होतं तिने.

वॉल्टर : वाजवायचं होतं तू.

डेलिया : ...खुर्ची द्या मला. आणि तुम्ही बाहेर बसा हवं तर. मी म्हणते. पण एक सांगते, हे खरं एकटीचं काम नव्हे. पहिली ओळ एकाने म्हणायची, दुसरी बाकीच्यांनी. खोली भरून उत्तर यायला हवं. माझ्याकडे कर्कबीला नवव्या मजल्यावर कुणी नाही, मग दोन्ही ओळी मीच म्हणते रोज. शेजारीण भिंत ठोकते. तिला वाटतं, मी कुणाशी तरी भांडतेय.

वॉल्टर : उत्तर मी देईन.

डेलिया : तुम्ही?

वॉल्टर : येतं मला. रोज संध्याकाळी ती पलीकडे म्हणायची, मी इथे पेपर पुढे धरून बसायचो. पेपर कुठला वाचतोय! मग हिवाळ्यात तिला दम पुरेना. पहिली ओळ कशीबशी व्हायची, दुसरीला नुसते ओठ हलायचे. एके दिवशी माझ्याच तोंडून निघून गेली. तिने डोळे उघडून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पहिली ओळ म्हणून थांबली. माझी वाट बघत.

डेलिया : आणि माळ? किती वेळा म्हटलं ते कशावर मोजाल?

वॉल्टर : मोजायला कशाला हवेत मणी? ढोल वाजवणारा माणूस मी, ठेका चुकत नाही.

डेलिया : मेरी माते, माफ कर, ऑरेंज लॉजचा ढोल तुझ्या रोझरीला. ...हात जोडा नाहीतर नका जोडू, पण ती टोपी काढा. 'नमो मारिये, कृपापूर्णे...'

वॉल्टर : 'पवित्र मारिये, देवाच्या माते...'

डेलिया : घाई नको. आम्ही आयरिश माणसं रोझरी सावकाश म्हणतो. मेलेल्याला कुठे जायची घाई असते?

वॉल्टर : विनी भरभर म्हणायची.

डेलिया : चुलीवर काहीतरी ठेवून बसत असेल. लहानपणापासून तशीच. पुन्हा घ्या. 'नमो मारिये, कृपापूर्णे...'

वॉल्टर : (बऱ्याच वेळाने, शेवटच्या मण्याला) '...आता आणि आमच्या मरणाच्या वेळी. आमेन.'

डेलिया : आमेन. ...एकदाही चुकला नाहीत.

वॉल्टर : तू मध्ये थांबलीस तेव्हा वाटलं, झोप लागली.

डेलिया : ऐकत होते. खूप दिवसांनी समोरून आवाज आला. ...इथून कधी हलवणार आहेत तुम्हाला?

वॉल्टर : महिनाअखेरीला. नदीपलीकडे एक खोली देतो म्हणतात. तिथे ओळखीचं कुणी नाही. इथे तरी कोण आहे म्हणा.

डेलिया : कर्कबीला बस जाते, वॉल्टर. बाजाराच्या कोपऱ्यावरून.

वॉल्टर : ठाऊक आहे मला. रविवारी जेवणं झाली की विनी कोट घालून त्या थांब्यावर जाऊन उभी राहायची. हातात केकचा डबा. बस यायची, जायची. अंधार पडला की परत यायची, आणि आम्ही दोघं तो केक खायचो.

डेलिया : चढली नाही कधी?

वॉल्टर : नाही.

डेलिया : ...तुम्ही चढा.