पाठमोरी

लेक: बाबा, हाही रोल तसाच. पहिल्या फ्रेममध्ये आई, पाठमोरी चाललेली.

बाबा: असणारच. उजेड जमतोय का ते बघायला काढायचो. ती टाक. पुढचे बगळे ठेव.

लेक: टाक काय टाक! दोन दिवस झाले, भिंतीवर लावायला आईचा चेहरा शोधतेय मी. चाळीस वर्षांचे डबे, आणि नुसती पाठ.

बाबा: वळायचं नाही, असं ठरलेलंच होतं आमचं.

लेक: म्हणजे?

बाबा: तळ्याकाठी दोघांनी जोडीनं जायचं. मी गोणपाटाच्या आडोशात शिरायचं आणि तिनं एकटीनं परत निघायचं. बगळ्याला मोजता येत नाही गं. आलेलं माणूस गेलं, एवढंच त्याला कळतं. दहा मिनिटांत स्वारी घरट्यावर हजर!

लेक: आणि आई?

बाबा: रस्त्यापर्यंत चालत, तिथून बस. तू शाळेतून यायच्या आत घरी.

लेक: तिला नसेल का बघायचा बगळा?

बाबा: फोटो दाखवायचो की.

लेक: मी ते नाही विचारलं.

बाबा: ...नाही विचारलं कधी.

लेक: म्हणून आता कॅमेरा कपाटात?

बाबा: एकटा जाऊन काय करू? ती गेल्यापासून दोन वर्षांत एक फोटो नाही. बगळा समोरच्या झाडावर बसून आडोशाकडे बघत राहतो. मी आत आहे हे त्या एकालाच माहीत असतं. एकदा शेजारच्या मास्तरांना नेलं. परत जाताना तीनदा ओरडले, "आला का हो?" सगळं तळं रिकामं!

लेक: (हसता हसता एक फ्रेम खिडकीच्या उजेडात धरून) बाबा, थांबा. ह्यात आई चालत नाहीये. उभी आहे. मान वळवलीय थोडीशी.

बाबा: बघू. चष्मा दे. ...कधीचा गं?

लेक: तारीख पुसलीय.

बाबा: मी बघितलंच नाही. माझं लक्ष उजेडाकडे.

लेक: बाबा...

बाबा: हाक मारली असती, तर आली असती ना आत? दोघं मावलो असतो दाटीवाटीनं.

लेक: उद्या मी येते तुमच्याबरोबर.

बाबा: परत एकटीला चालावं लागेल. लांब आहे रस्ता.

लेक: चालेन. पण अर्ध्या वाटेत मी वळून बघणार, आत्ताच सांगते.

बाबा: मग बगळा यायचा नाही.

लेक: नाही आला तर?

बाबा: नाही आला तर... वळशील तेव्हा जरा थांब. लगेच पाठ फिरवू नकोस. हात थरथरतो माझा हल्ली.