दार पुन्हा घासतंय

(वरच्या मजल्यावरचं स्वयंपाकघर. भर दुपार. दोघी जावा वाटाणे सोलत बसल्या आहेत.)

थोरली : फुगलं असेल गं लाकूड. हवाच तशी आहे.

धाकटी : एवढ्या कोरड्या हवेत लाकूड फुगतं होय, वहिनी? गेल्याच आठवड्यात ह्यांनी रंधा मारला आमच्या खोलीच्या दाराला. आज पुन्हा घासतंय. बाळाला झोपवून बाहेर येताना ओढून ओढून घाम फुटला मला.

थोरली : मग पुन्हा मारायला सांग रंधा. हात चालव. हाताला काम असलं की डोक्यात किडे वळवळत नाहीत.

धाकटी : आणि पाळणा? चाकं आहेत त्याला. रात्री खिडकीपाशी लावते, सकाळी बघावं तर भिंतीला टेकलेला.

थोरली : तुझी लेकच लाथा झाडत असेल. बापावर गेलीय.

धाकटी : हसू नका हो. मी आज कपाट सरकवून मागे पाहिलं.

थोरली : नसते उद्योग!

धाकटी : भिंतीला तडा गेलाय. माझी बोटं आत गेली, वहिनी. म्हणून ह्यांनी कपाट तिथे आणलं होतं. मला तेव्हाच चमत्कारिक वाटलं होतं, पण विचारलं नाही. तुमच्याकडूनच शिकले.

थोरली : मला कशाला मधे ओढतेस?

धाकटी : दुकान वाढवायला भावजींनी खाली भिंत पाडली म्हणतात. नक्की काय पाडलंय, तुम्ही पाहिलंत?

थोरली : मी दुकानात पाऊलच टाकत नाही. काम सुरू झाल्यापासून डबासुद्धा जिन्यातूनच देते.

धाकटी : का पण?

थोरली : पाहिलं की बोलावं लागतं. बोललं की हे भडकणार, तुझा नवरा तणतणत खाली जाणार, दोघे भाऊ हमरीतुमरीवर येणार. त्यापेक्षा आपल्याला काही ठाऊक नाही, हे बरं. देवाशपथ सांगते, काय पाडलं, कुठे पाडलं, मला माहीत नाही.

धाकटी : दिवसभर घण वाजत होते, तेव्हा?

थोरली : मी रेडिओ लावून बसले होते.

धाकटी : वहिनी, चिमीला आजोळी का पाठवलंत?

थोरली : आईला करमत नव्हतं माझ्या.

धाकटी : परीक्षा तोंडावर असताना? शाळा बुडवून?

थोरली : वाटाणे सांडतेस बघ.

धाकटी : सांडू देत! स्वतःच्या पोरीला गुपचूप हलवलंत, आणि माझी तान्ही त्या भिंतीला टेकून झोपते. एका शब्दाने सांगायचं होतंत. मी तुमच्या पाया पडले असते, वहिनी.

थोरली : अगं, माहीतच नव्हतं तर सांगणार काय? नुसतं मन खात होतं. मनाचं काय, ते कशानेही खातं.

धाकटी : मी तिला घेऊन माहेरी चालले. आत्ताच्या आत्ता.

थोरली : अशी तडकाफडकी? नवऱ्याला विचारून तरी जा. लोक काय म्हणतील? ऐकतेस का? अगं, काय झालं?

धाकटी : दार उघडत नाहीये.

थोरली : घासतं ना ते. जरा जोर लाव.

धाकटी : खांद्याने ढकलतेय. मघाशी घासत होतं, आता हलतच नाही. वरून माती पडतेय माझ्या अंगावर. बाळ रडतंय आत!

थोरली : थांब, थांब! ढकलू नकोस! मागे ये आधी. तिथे उभी राहू नकोस, खाली खांब नाहीये.

धाकटी : मग पाळणा कशावर उभा आहे, वहिनी?