आक्काची साडी नेपाळला

भाऊबीजेला कपाळावर सात रंगांचा टिळा घेऊन कवा बहिणीच्या दारात गेलाय का? मी गेलोय.

सणसवाडीत माझ्या खोलीत माया भाड्यानं राहती. नेपाळची हाय, नवरा-बायको दोघं कंपनीत. त्या सकाळी मी कवठ्याला आक्काकडं निघालो, तर माया आडवी आली. "दाजू, मेरा भाई नहीं आ सका. आज आप बैठो." दाजू म्हंजे नेपाळीत दादा.

त्यांच्यातबी भाऊबीज त्याच दिवशी असती. बसलो. तिनं सात रंगांचा उभा टिळा लावला, गळ्यात माळ घातली. आता ओवाळणीला काय घालायचं? पिशवीत आक्काची साडी होती. दिली.

कवठ्याला पोचलो, तर आक्कानं आधी माझं कपाळ बघितलं, मग रिकामी पिशवी.

"माझ्या आधी कुणी ओवाळलं रं?"

"नेपाळची हाय गं, भाडेकरू."

"आन् माझी साडी?"

"तीबी तिलाच."

"काढ गाडी!"

आक्काला मागं बसवून सणसवाडी गाठली. माया नेमकी तीच साडी नेसून दारात उभी. मी डोळंच मिटलं. मायानं वाकून आक्काचं पाय धरलं, "दीदी" म्हणाली आन् आत नेऊन जेवायला वाढलं.

तासाभरानं आक्का बाहेर आली.

"रंग तिलाच शोभतो. तुझ्या साड्या मला कवाच आवडल्या न्हाईत."

आता दोन देशांचं लई झ्याक चाललंय. औंदा दोघी मिळून शिरूरला साड्या घ्यायला गेल्या. मला न्हेलं होतं, पिशव्या धरायला.