दुपट्यातली सुरी

बाळंतपण आटोपून अंबा सासरी निघाली होती. तंजावूरच्या स्टँडवर कुंभकोणमच्या बसची रांग हलेना. बसच्या दाराशी पोलीस एकेकाची पिशवी उघडून पाहत होता. तिच्या पुढचे दोघे म्हातारे मराठीत वाद घालत होते.

"सुरी बाळगायची बंदी सैल करणार म्हणे, सेतुमाधवराव."

"करू नये."

"मग शहाळेवाल्यानं नारळ दातानं सोलायचा? केळीची पानं कापणारा तो गरीब माणूस, परवा दिवसभर ठाण्यात बसून होता."

"बसू दे. शेषगिरी, कमरेला सुरी असली की रागावलेला हात तिकडंच जातो."

"सगळ्यांचा नाही जात."

"माझा भाऊ रथ बघायला गेला होता. भांडण दुसऱ्यांचं, सुरी लागली त्याला. मारणाराही केळीची पानंच कापायचा."

दोघांनी पिशव्या उघडून पोलिसाला दाखवल्या. अंबेनं तान्ह्याचं दुपटं आवळून धरलं. वाटेत कालवे ओलांडायचे, बाधा होऊ नये, बाळाजवळ लोखंड असावं, म्हणून आईनं त्यात सुरी खोचून दिली होती.

"दुपट्यात काय आहे?" पोलिसानं तमिळमध्ये विचारलं.

सेतुमाधवराव मागं वळले. दुपट्याकडं बघतच राहिले. मग पोलिसाला म्हणाले, "बाळंतीण आहे, अप्पा. दुपटं कशाला सोडायला लावतोस? वारा लागेल पोराला."

पोलीस बाजूला झाला. बसमध्ये चढताना सेतुमाधवराव हलकेच तिला म्हणाले, "मूठ दिसतेय, पोरी. झाक ती. आणि पातं बाळाकडं नको करूस."